जिभेला हाड नसतं

“पाणी प्यायलात का?”

“प्याले की.”

“किती?”

“होतं ते सगळं.”

बाटली त्यांच्या पायाशीच उभी होती, आणि गळ्यापर्यंत भरलेली होती. मी बाटलीकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या हसल्या.

“अगं पोरी, आज हरताळका आहे. लग्न झाल्यापासून सतरा वर्षं निर्जळी करते मी. आता एका सुईपायी मोडू होय?”

“शैलाताई, औषध टोचलंय तुम्हाला. दोन लिटर पाणी पोटात जायलाच पाहिजे. इथं पाटीवर लिहिलंय बघा.”

“पाटीला काय कळतंय? तू केलीयस का हरताळका?”

केली होती म्हणजे, सासूबाईंच्या धाकानं केली होती. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. पहाटे वाळूचे शंकर-पार्वती मांडून, पत्री वाहून, थेंबभर पाणी न पिता घराबाहेर पडले होते, आणि सेंटरवर पोचल्या पोचल्या कपाटामागं उभी राहून दोन कप चहा ढोसला होता. त्यामुळं ह्या बाईपुढं माझं तोंड जरा उतरलंच. मी म्हटलं, “बरं, राहू दे.” एवढंच म्हटलं मी. ह्याला सतरा वर्षं झाली.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची. मिरजेला एका तपासणी केंद्रात टेक्निशियन म्हणून लागून आठ महिने झाले होते. काम काय, तर हाडांचा स्कॅन करायचा. हातात एक औषध टोचतात. तीन तासांत ते हाडांत जाऊन बसतं, आणि जिथं रोग असेल तिथं जास्त गोळा होतं. मग पेशंटला टेबलावर झोपवायचं. कॅमेरा डोक्यापासून पायापर्यंत सरकत जातो आणि पडद्यावर हाडांचं चित्र उमटतं. जिथं औषध जास्त, तिथं काळा डाग. उरलेलं औषध किडन्यांतून लघवीवाटे निघून जातं, म्हणून पाणी प्यायचं. छातीच्या कॅन्सरच्या बाया आमच्याकडं पुष्कळ यायच्या, कारण तो रोग एकदा हलला की आधी हाडात शिरतो.

शैलजा वाळवेकर त्यातल्याच. विट्याजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवायच्या. वय एक्केचाळीस. डावी बाजू काढून तीन वर्षं झालेली, आणि दोन महिन्यांपासून कंबर धरलेली. बरोबर नवरा होता, प्रमोद वाळवेकर, जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर. एवढासा आवाज असलेला माणूस. तो बाहेर झाडाखाली जाऊन बसला होता. बाईंचं मात्र उलटं. आल्यापासून सगळ्या वेटिंग रूमची त्यांनी अंगणवाडी करून टाकली होती. एका म्हाताऱ्याला म्हणाल्या, “हात पुढं करा बघू, शहाणा मुलगा कोण?” आणि सुईला घाबरणारा तो सत्तर वर्षांचा बाबा खरंच हात पुढं करून बसला.

मी टोचतानाच म्हटलं होतं, “अंगावर डाग काही असतील तर काढून ठेवा.” आमच्याकडं दागिन्याला डाग म्हणतात. तर त्या म्हणाल्या, “डाग कुठले? ते बघायलाच तर आलेय.” आणि स्वतःच खो खो हसल्या. हसता हसता कंबरेत कळ आली तशा भिंतीला टेकल्या.

“आणि एक,” मी म्हटलं, “आजचा दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. अंगात औषध असतं. मांडीवर तर अजिबात नाही.”

त्यांचं हसू तिथंच थांबलं.

“आजच यायची आहे गं ती.”

“कोण?”

“मैथिली. माझ्या धाकट्या बहिणीची.” मग त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. “बस. तीन तास काय करणार आहेस?”

माझ्याकडं पुढचा पेशंट नव्हता. मी बसले.

“तिची आई, नंदा, ह्याच रोगानं गेली,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं होतील. बापानं सहा महिन्यांत दुसरा संसार थाटला. जाऊ दे, त्याच्या नावानं बोंब मारून काय उपयोग? पोर कऱ्हाडला माझ्या आईजवळ होती. पण आता आईलाच कुणीतरी बघायला लागतंय. उद्या गणपती. माझा भाऊ सुधाकर चिंचवडहून येतोय, बायकोला घेऊन. वाटेत कऱ्हाडला थांबून आज संध्याकाळी पोरीला माझ्याकडं सोडणार, आणि परवा गणपती बोळवला की निघणार. निघताना पोर त्याच्या गाडीत बसेल, नाहीतर माझ्या दारात राहील. तेवढं ठरायचंय.”

“भावजय कशी आहे?”

“सोन्यासारखी. खोटं कशाला बोलू? पोरीला फुलासारखं ठेवील.”

“मग प्रश्न काय आहे?”

“प्रश्न हा आहे की मला पाहिजे ती.” हे त्यांनी अगदी सरळ म्हटलं. “सतरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसली. घरी आलं की घर नुसतं खायला उठतं. हरताळकेच्या कहाणीत काय म्हणतात? आज जी खाईल-पिईल ती जन्मभर वांझ राहील. मी तर एकदाही थेंब घेतला नाही, तरी राहिलेच. कुणाला जाब विचारायचा? तरी करते. सवय.”

त्यांनी बाटली उचलली, खाली ठेवली.

“पण पोरीनं एकदा आई जाताना बघितलीय. चार वर्षांची होती. नंदाच्या उशाशी बसून भातुकली मांडायची. नंदानं शेवटचा श्वास सोडला तेव्हा ही तिला खोटा चहा पाजत होती. हे पुन्हा नाही दाखवायचं तिला. म्हणून मी ठरवलंय. हाडात काही निघालं, तर मी माझ्या हातानं तिची पिशवी भरीन आणि सुधाकरच्या गाडीत बसवीन. वर्षातून एकदा भेटायला जाईन, जमेल तोवर. आणि काही नाही निघालं, तर ब्रह्मदेव आला तरी देणार नाही. आज कळेल ना?”

“रिपोर्ट परवा मिळेल. डॉक्टर सबनीस दुपारीच कोल्हापूरला जाणार. उद्या सुट्टी.”

“परवापर्यंत मी कशी काढू गं?”

आमच्या कामाचा पहिला नियम असा, की टेक्निशियननं चित्र काढायचं आणि तोंड मिटून बसायचं. पेशंट रडू दे, पाया पडू दे, ‘डॉक्टर सांगतील’ एवढंच म्हणायचं. माझी आई म्हणायची, ह्या पोरीला कुठंही नोकरी लागो, बोलायची नको लागायला, हिच्या जिभेला हाड नाही. आई बरोबर होती.

दोन वाजता त्यांना टेबलावर घेतलं. उताणं झोपताना त्यांनी दात आवळले, पण हूं की चूं केलं नाही. पायांखाली उशी दिली, हात पट्ट्यात अडकवले.

“वीस मिनिटं हलायचं नाही.”

“श्वास घेऊ की तोही उपासाला लावू?”

मी हसत पडद्यापाशी गेले. कॅमेरा सरकायला लागला. आधी कवटी उमटली, मग मानेचे मणके, खांदे, फासळ्या, एकेक फासळी सुटी मोजून घ्यावी अशी. मग कणा, कंबर, मांड्या. मी बघतच राहिले. आठ महिन्यांत इतकं सुरेख चित्र माझ्या हातून आलं नव्हतं. आमच्याकडं येणारी चित्रं बहुतेक धुरकट असायची, मधेच खांद्यावर ठिपका, मधेच कंबरेत ठिपका. हे मात्र शाळेच्या पुस्तकातल्या सांगाड्यासारखं, ठसठशीत, डावी-उजवी बाजू बरोबर सारखी. डाग शोधून सापडत नव्हता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ही बाई मला तीन तासांत आवडली होती. मैथिली तिचीच झाली असं मी मनात ठरवूनही टाकलं.

एक गोष्ट खटकली. कण्याच्या दोन्ही बाजूंना किडन्यांच्या दोन फिकट सावल्या दिसतात, त्या नव्हत्या. लघवीची पिशवीही काळी दिसायची ती नुसती पुसट होती. हे मला दिसलं. आंधळी नव्हते मी. पण माझं उत्तर तयार होतं. बाईंनी पाणीच प्यायलेलं नाही, किडन्यांत येणार काय? निर्जळी उपास. झालं. मी मनाशी म्हटलं, सबनीस सर ओरडतील पाणी पाजलं नाही म्हणून, ओरडू देत.

त्यांना टेबलावरून उठवताना त्यांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

“पोरी, तू बघितलंस. तुझ्या तोंडावर दिसतंय.”

“डॉक्टर सांगतील, ताई.”

“डॉक्टर परवा सांगतील. संध्याकाळी ती येणार आहे, मला तिच्याकडं बघावं लागणार आहे. तेवढं सांग. डाग आहे का?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“एकही नाही,” मी म्हटलं. “इतकं स्वच्छ चित्र मी आजवर बघितलं नाही.”

त्यांनी मला तिथंच मिठी मारली. मग एकदम मागं सरकल्या, “अगो बाई, औषध आहे ना अंगात, तुला बाधेल!” म्हणाल्या आणि डोळे पुसत बाहेर गेल्या. मी खिडकीतून बघितलं. झाडाखाली नवऱ्याला काहीतरी सांगत होत्या, आणि तो डोक्यावरची टोपी काढून नुसता हातात धरून उभा होता. त्या दिवशी मी घरी जाताना सासूबाईंसाठी केवडा घेतला. इतकी खूश होते मी.

ऋषिपंचमीला सकाळी सबनीस सर आले. चहा हातात घेऊनच चित्रं बघायला बसले. तिसरं चित्र शैलाताईंचं होतं. सरांनी कप खाली ठेवला.

“किडन्या कुठायत?”

“सर, बाईंना हरताळका होती. पाणी प्यायल्या नाहीत. म्हणून नाही आल्या.”

सरांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

“उपासानं किडन्या गायब होत नाहीत. पाणी कमी प्यायलं तर उलट जास्त दिसतील.” ते हळू बोलत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. “औषध किडन्यांपर्यंत पोचलंच नाही. सगळं हाडांनीच ओढून घेतलं. का ओढलं? कारण सगळ्या हाडांत रोग आहे. एकूण एक.”

“पण सर, डाग एकही नाही.”

“पांढऱ्या धोतरावर शाई सांडली तर डाग दिसतो. अख्खं धोतर शाईत बुडवलं तर डाग कुठला दिसणार?”

मी चित्राकडं बघत राहिले. तेच चित्र. तेच सुरेख, ठसठशीत, डावं-उजवं सारखं.

“किती दिवस, सर?”

“सहा महिने म्हणजे डोक्यावरून पाणी. नातेवाईक आले की आत पाठव. बाई बाहेरच बसू दे.”

इथपर्यंतची गोष्ट मी दरवर्षी शिकाऊ मुलांना सांगते. पडद्यावर ते चित्र लावते, विचारते, ह्यात चूक काय? मुलं डाग शोधत बसतात. मग मी म्हणते, आधी किडन्या मोजा, फार स्वच्छ चित्राची भीती बाळगा, आणि पेशंटजवळ तोंड उघडू नका. मुलं लिहून घेतात. त्यांना वाटतं, गोष्ट संपली. मी संपवते तिथं. माझी चूक झाली, लहान होते, शिकले, असं म्हणता येतं तिथवर. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

अकराला वाळवेकर नवरा-बायको आले. बाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं, केसात गजरा. चालताना पाय किंचित ओढत होता, पण तोंडावर तेज असं, की शिपाई उठून उभा राहिला. माझ्या हातात त्यांनी डबा दिला.

“खा. प्रसादाचे मोदक. मैथूनं दोन वळलेत, बटाट्यासारखे झालेत ते तिचे.”

सरांनी वाळवेकरांना आत बोलावलं. बाई उठायला लागल्या तर मी म्हटलं, “तुम्ही बसा ताई, कागदावर सह्या असतात.” त्या बसल्या. मी आत जायच्या निमित्तानं तिथून निघाले, कारण त्यांच्यासमोर उभं राहवेना. सरांना मी सांगितलं नव्हतं की मी बोलून बसलेय. सांगायला पाहिजे होतं. नोकरी गेली असती, दुसरं काय.

पाच-सात मिनिटांनी वाळवेकर बाहेर आले ते बायकोकडं गेलेच नाहीत. पाण्याच्या फिल्टरपाशी मी उभी होते तिथं आले. हातात रिपोर्टचं पाकीट होतं, ते त्यांनी घडी घालून शर्टाच्या आत सरकवलं.

“मॅडम, तुम्ही परवा तिला सांगितलंत.”

मी म्हटलं, “चुकलं हो माझं. माफ करा. मी आत्ता जाऊन सांगते त्यांना, मीच सांगते.”

“नका सांगू.”

“अहो, पण...”

“ऐका माझं.” त्यांचा आवाज मुळात लहान, त्यात अजून खाली आला. “परवा घरी गेली आणि पोरीला सांगून टाकलं, तू आता इथंच राहायचंस. पोरीनं आपले कपडे कपाटात लावले. खालच्या कप्प्यात, स्वतः. काल रात्री ही फुगड्या घालत होती हो, ह्या कंबरेनं. सतरा वर्षांत मी तिला असं बघितलं नाही. जनावरांच्या दवाखान्यात आयुष्य गेलं माझं. जनावराला कळलं की ते चारा सोडतं. हिला आज कळलं तर ही पोरीला गाडीत बसवील आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपेल. डॉक्टर सहा महिने म्हणाले. सहा महिने तरी आई होऊ दे तिला.”

“आणि पोरीचं काय?” मी विचारलं. एवढं मात्र विचारलं मी.

त्यांनी शर्टातलं पाकीट चाचपलं.

“पोरीचं मी बघीन,” ते म्हणाले. “पाकीट मी घरी नेत नाही. डॉक्टरांनी ठेवून घेतलं म्हणतो. गोळ्या कॅल्शियमच्या म्हणून देईन. मेहुणा हिचं ऐकतो. फक्त तुम्ही... ती तुम्हाला विचारणार आहे. येतानाच म्हणत होती.”

आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून बाई आल्याच. भिंतीला हात लावत, पाय ओढत.

“काय खलबतं चाललीत?” म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. नवऱ्याकडं बघितलंही नाही. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “पोरी, परवा बोललीस ते घाईत बोललीस, मला माहितेय. मीच गळ घातली होती. सुधाकर घरी आवरून बसलाय. म्हणतोय, अक्का, डॉक्टरचं काय ते पक्कं कळू दे, मग मी निघतो, पोरीसकट की पोरीशिवाय. आता डॉक्टर ह्यांना आत घेऊन बोलले. मला नाही घेतलं. का नाही घेतलं?”

“तशी पद्धत असते, ताई.”

“पद्धत गेली खड्ड्यात. ह्यांचं तोंड मला वाचता येत नाही, ह्यांचं कायमच तसं असतं. तुझं वाचता येतं. मला माझ्यासाठी नको आहे गं. मला पोरीसाठी पाहिजे. काही असलं तर सांग, मी रडणार नाही, सरळ घरी जाऊन तिची पिशवी भरीन. तिचं भलं होईल. खरं सांग. डाग आहे का?”

ह्या वेळी मला सगळं माहीत होतं. कपाटात लावलेले कपडे माहीत होते आणि शाईत बुडवलेलं धोतरही माहीत होतं. बाईंनी काय मागितलं ते कळत होतं, का मागितलं ते कळत होतं. त्यांच्या खांद्यावरून वाळवेकर माझ्याकडं बघत होते, हात न जोडता जोडल्यासारखे. दया आली म्हणून मी बोलले असं म्हणायला मला आवडलं असतं. दया आली होतीच. पण खरं बोलले असते तर परवाचं माझं बोलणंही उघडं पडलं असतं, सरांच्या केबिनच्या दारात, सगळ्यांदेखत. तेही माझ्या मनात होतं. किती होतं, ते मला आजही मोजता येत नाही.

“एकही नाही, ताई,” मी म्हटलं. “मी परवा सांगितलं तेच.”

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

“पेढे घेऊन येते दसऱ्याला,” म्हणाल्या.

दसऱ्याला त्या आल्या नाहीत. दिवाळीला चिठ्ठी आली, मैथूला पहिलीत दुसरा नंबर मिळाला आणि कंबर जरा त्रास देते, म्हणून. मी ती वाचून कपाटात आत सारली. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी आमच्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर एक्स-रेच्या दारापाशी गर्दी दिसली. स्ट्रेचरवर शैलाताई होत्या. मी आधी ओळखलंच नाही, इतक्या वाळल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं. मला बघून त्यांनी ओठ हलवले, पण दुखण्यानं शब्द फुटेना, आणि त्यांना आत घेतलं. वाळवेकर बरोबर गेले.

त्यानंतर त्या एकोणीस दिवस होत्या. घरी नेल्याच नाहीत. पोर मधल्या काळात दवाखान्यातच असायची, कारण घरी कोण होतं? सुधाकर आला तो शेवटच्या दिवशी आला, आणि तेराव्यानंतर तिला चिंचवडला घेऊन गेला. निघताना ती गाडीत बसेना, दोन माणसांनी उचलून बसवली, असं मला नंतर कळलं. मी गेले नव्हते. मी कुठल्याच दिवशी गेले नाही.

पण त्या गुरुवारी, एक्स-रेच्या दारापाशी, ती बाकावर बसली होती. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, पायात एकच चप्पल. वय सहा. रडत नव्हती. मी तिच्याशेजारी बसले.

“तू मैथिली ना?”

तिनं मान हलवली.

“मावशी कशी पडली गं?”

“पडली नाही,” ती म्हणाली. “मी म्हटलं मला उचलून घे. शाळेत जायच्या आधी. ती नको म्हणत होती, मी हट्ट केला. मग तिनं उचललं आणि कट्‌ असा आवाज आला.”

मी म्हटलं, “तुझ्यामुळं नाही झालं हं ते, बाळा. तुझ्यामुळं अजिबात नाही.”

“मग कशामुळं?”

मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही, पण माझ्याकडं नीट बघितलं, माझ्या पांढऱ्या कोटाकडं, खिशावरच्या नावाकडं. पहिलीतली मुलं वाचतात तसं एकेक अक्षर लावून तिनं माझं नाव वाचलं.

“तुम्हीच त्या मशीनवाल्या बाई?”

“हो.”

“मावशी रोज सांगते तुमचं. तुम्ही तिची सगळी हाडं बघितली. तुम्ही म्हणालात, एकदम चांगली आहेत.” ती थांबली. हिशेब नीट लावत होती. “चांगलीच होती ना? मग माझ्यामुळंच मोडलं.”

मी तोंड उघडलं. एक वाक्य बोलायचं होतं. मावशीची हाडं चांगली नव्हती, मी खोटं बोलले. सहा वर्षांच्या मुलीला कळेल एवढं सोपं होतं ते. तेवढ्यात आतून वाळवेकरांनी “मैथू” म्हणून हाक मारली, आणि ती एका चपलेनं पळत आत गेली.

आज ती तेवीस वर्षांची असेल. तिला कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.